तुम्ही विचारलंत म्हणून : कोणती स्टिक घेऊ?

"कोणती स्टिक घेतली म्हणजे बॉल लांब जाईल?" गोल्फ नुकताच सुरू केलेला माणूस लग्नात पंगतीला शेजारी बसला तरी मला हे विचारतो. माझा हँडिकॅप (जितका कमी, तितका खेळ बरा) 24 वरून 15 वर आल्याचं कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं असतं. मी म्हणतो, "तुम्ही जी घेणार आहात ना, तिच्यापेक्षा एक मोठी." तो विचारतो, "कुठल्या कंपनीची?" आणि तिथेच बोलणं फिसकटतं.

पुण्यात आम्ही खेळतो तिथे एक पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल, आहे. पहिला फटका मारतात त्या टीपासून होलभोवतीच्या आखूड गवताच्या, म्हणजे ग्रीनच्या, मध्यापर्यंत 140 यार्ड आणि ग्रीनच्या अलीकडे पाणी. चार वर्षं मी तिथे सात नंबरची स्टिकच काढायचो (नंबर जितका लहान, तितका बॉल लांब जातो), कारण एकदा, एकदाच, माझी सात नंबर 145 गेली होती. त्या दिवशी वारा पाठीमागून होता, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. एरवी डुबुक. एका सकाळी बॅग सांभाळणाऱ्या आमच्या कॅडीमामांनी सात नंबर बॅगेतून काढलीच नाही. पाच नंबर हातात दिली आणि म्हणाले, "साहेब, ही हळू मारा." बॉल पाणी ओलांडून ग्रीनच्या मागच्या अंगाला जाऊन बसला. खरं सांगतो, आनंद नाही झाला, अपमान वाटला. 140 यार्डांना पाच नंबर? सोबतचे तिघं बघत होते!

पण त्याच आठवड्यात रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेलो. प्रत्येक स्टिकने वीस बॉल मारले. सगळ्यात लांब गेलेले तीन आणि पार फसलेले तीन सोडले, उरलेल्या चौदांची सरासरी काढली. बॉल थांबतो कुठे ते नाही, पडतो कुठे ते मोजायचं. मे महिन्यात कडक फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर, तो पुढे पंधरावीस यार्ड सहज पळतो, जुलैत पडतो तिथेच चिखलात रुततो. माझी सात नंबर निघाली 126. सहा 136, पाच 146. चार वर्षांच्या डुबुकचा हिशेब तिथेच लागला. तो कागद अजून बॅगेच्या कप्प्यात आहे, घामाने अर्धा पुसलेला.

दुसऱ्याच्या हातातला नंबर बघून आपली स्टिक काढू नये, तेही एवढ्यासाठीच. स्टिकचं तोंड मागे किती कललंय, म्हणजे तिचा लॉफ्ट, त्यावर बॉल किती उंच उडणार आणि किती लांब जाणार हे बरंचसं ठरतं. जुन्या सेटमधल्या सात नंबरचा लॉफ्ट 35 अंशांच्या आसपास असायचा. आजच्या बऱ्याच सेटमध्ये तो 30 किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे मित्राची 'सात' ही माझी जुनी सहा, कधी पाचसुद्धा. नंबर तोच, काठी वेगळी. नियमाने बॅगेत 14 स्टिक चालतात. मी 11 बाळगतो. उरलेल्या तीन मला कधी कळल्याच नाहीत.

आता स्विंग. स्टिक कमी पडणार हे मनातून माहीत असलं की माणूस ग्रिप आवळतो, खांदे ताठ होतात आणि तो बॉल उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं, स्टिक बॉलच्या आधी जमिनीत घुसते. उचलायचं काम लॉफ्टचं आहे, आपलं नाही. आयर्नने, म्हणजे या नंबरवाल्या स्टिकने, आधी बॉल, मग माती. गवताचं सालपट बॉलच्या पुढे निघायला हवं, मागे नाही. मी बॉलच्या मागे वीतभर अंतरावर छोटा टॉवेल ठेवून सराव केला. पहिले दोन दिवस बॉलपेक्षा टॉवेलच जास्त लांब गेला. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या स्टिकचं, मात्र उलटं. उजव्या हाताने खेळणाऱ्याने बॉल टीच्या खुंटीवर, डाव्या टाचेच्या समोर ठेवायचा आणि स्टिक वर चढताना मारायचा. बॉल उजवीकडे पळत असेल तर बहुतेक वेळा स्टिकचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं, राहिलेलं असतं. डावीकडे निशाणा धरू नका, स्लाइस, म्हणजे बॉलचं हे उजवीकडे वळणं, आणखी वाढतो. आधी डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे वळवून बघा.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 च्या ऑगस्टमध्ये, गोल्फचं ओ की ठो न कळणारी आमच्या सोसायटीतली माणसंही भल्या पहाटे अदिती अशोकसाठी टीव्हीपुढे बसली होती. तिचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, सुवर्णपदकवाल्या नेली कोर्डाच्या कितीतरी मागे पडायचा. तरी ती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला विचारलं गेलं, "ती लांब का मारत नाही हो?"

गेल्या रविवारी त्याच पार थ्रीवर एक तरुण सोबत होता. नवाकोरा सेट. सात नंबर काढली, जीव खाऊन मारली. डुबुक. माझा बॉल ग्रीनवर पडला तेव्हा त्याने विचारलं, "काका, काय मारलंत?"

"पाच."

त्याने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं, खिशातून दुसरा बॉल काढला आणि पुन्हा सात नंबरच हातात घेतली.