बायोडाट्यात नसलेली पिन

उन्हाळ्यात इथे जर्मनीत दुपारचे तीन वाजतात तेव्हा परभणीत साडेसहा झालेले असतात. मावशीचा दिवाबत्तीच्या आधीचा फोन याच वेळेला येतो. मागच्या रविवारी तिने फार बोलणं केलं नाही. "तूच बोल बाई त्याच्याशी, माझं ऐकत नाही," म्हणाली आणि फोन मावसभावाच्या हातात दिला.

"ताई, दीडशे ठिकाणी टाकला बायोडाटा. एकाचाबी फोन नाही."

तो जिंतूरकडचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, तीन वर्षं क्वालिटीत होता, कॉन्ट्रॅक्टवर. ऑर्डर कमी झाल्या तसा कॉन्ट्रॅक्ट संपला आणि तो गावी आला. आता घराबाहेर पडलं की पारावरचा प्रत्येक जण विचारतो, "कुठं लागलास का नाही?" ते चुकवायला तो दिवसभर खोलीत बसतो आणि मोबाईलवर 'अप्लाय' दाबत राहतो. हे मला मावशीने नंतर सांगितलं.

मी बायोडाटा मागवला. दोन पानं. वर इंटरनेटवरून उचललेलं चार ओळींचं इंग्रजी, जे मी गेल्या पाच वर्षांत किमान तीस मुलांच्या बायोडाट्यात जसंच्या तसं वाचलंय. खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित, छंद क्रिकेट. आणि ज्या तीन वर्षांसाठी कुणी त्याला बोलावलं असतं, त्या तीन वर्षांना एक ओळ: क्वालिटी इन्स्पेक्टर, अमुक ते तमुक.

मी स्वतः क्वालिटीतलीच. वाळूजला सुरुवात केली, आता हाइलब्रॉनजवळ एका छोट्या कंपनीत तेच काम करते. त्यामुळे त्याला नेमकं काय विचारायचं ते मला माहीत होतं. म्हटलं, शिफ्टला गेल्यावर पहिलं काम काय करायचास? तो म्हणाला, ऑपरेटरने सेटिंग केलं की पहिला नग माझ्याकडं यायचा, बोअर गेज आणि मायक्रोमीटर लावून मापं बघायचो, बरोबर असला तर लाइन चालू. शिफ्टला किती नग? साडेचारशेच्या आसपास. सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची होती?

इथे तो खुलला. एक ब्रॅकेट होतं, ते ड्रिलिंगच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे भोक पाडताना नग पकडून ठेवणाऱ्या साच्यात, उलटंही बसायचं. रात्रपाळीला ऑपरेटरचा डोळा लागला की भोक भलत्याच बाजूला. शिफ्टला आठ-दहा नग भंगारात.

"मग?"

"मग काही नाही. आम्ही तिथं एक पिन बसवली."

"आम्ही म्हणजे कोण?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "म्हणजे… मीच सुचवलं. मेन्टेनन्सच्या दादाकडून वेल्ड करून घेतली. मग उलटं बसतच नव्हतं."

चूक करायची सोयच ठेवायची नाही, अशा या युक्तीला जगभरच्या कारखान्यांत पोका-योके म्हणतात. जपानच्या शिगेओ शिंगो यांनी १९६० च्या दशकात ती रुजवली. क्वालिटीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, "तुम्ही स्वतः केलेलं एखादं पोका-योके सांगा." मुलं पुस्तकातलं उदाहरण देतात. याने प्रत्यक्ष केलेलं होतं आणि बायोडाट्यात त्याचा एक शब्द नव्हता. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण दीडशे ठिकाणी त्याने स्वतःला न पाठवता दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलं होतं.

हे 'आम्ही' आपल्याकडे कुठून येतं, ते मला ठाऊक आहे. 'मी-मी करू नये' हे घरात, शाळेत लहानपणापासून ऐकलेलं. आणि शेतात ते खरंही आहे, सोयाबीनची रास एकट्याने होत नाही. पण समोरचा माणूस एका जागेसाठी एकच माणूस निवडणार असतो. त्यातला तुझा वाटा किती, हेच त्याला कळायला हवं असतं. ते सांगणं म्हणजे बढाई नाही. मेन्टेनन्सच्या दादाने वेल्ड केलं, हेही सांगायचंच.

आम्ही मग ती एक ओळ बसून लिहिली. ड्रिलिंग फिक्स्चरमध्ये ब्रॅकेट उलटे बसल्याने शिफ्टला ८ ते १० नग रिजेक्ट होत; फिक्स्चरवर पिन सुचवून मेन्टेनन्सकडून बसवून घेतली; त्यानंतर या दोषाचे रिजेक्शन थांबले. आधी काय होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. अशा चार ओळी निघाल्या आणि छंद-बिंद काढून सगळं एका पानात बसलं. आकडे मात्र जसे होते तसेच ठेवले. आठ-दहाचे पन्नास केले की मुलाखतीत पुढच्याच प्रश्नाला माणूस अडकतो, आणि समोरच्याने वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेली असतात.

दीडशे अर्जांचं काय करायचं? मी त्याला म्हटलं, थांबव. आठवड्याला दहा-बाराच कर, पण प्रत्येक जाहिरात दोनदा वाच. जाहिरातीत पीपीएपी (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घ्यायची पद्धत), एसपीसी (मापांच्या आकड्यांवरून उत्पादनावर लक्ष ठेवणं) असे शब्द असतील आणि त्यातलं काही केलं असेल, तर तोच शब्द आपल्या पानावर दिसला पाहिजे. रोज कंट्रोल चार्ट भरत होतास ना? तेच एसपीसी. केलं नसेल तर लिहू नकोस. आणि मोठ्या कंपनीच्या नावावरच डोळा ठेवू नकोस. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला प्रकल्प उभारायचा करार केला, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर बिडकीनला येतेय, लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. अशा प्रकल्पांभोवती सुटे भाग पुरवणारे व्हेंडर उभे राहतात आणि डिप्लोमावाल्या पोराला पहिली दारं बहुधा तिथेच उघडतात. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या गेटवर एक पानाचा कागद घेऊन स्वतः गेलेल्या मुलांना काम मिळालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गॅपची भीती अनेकांना असते. आपल्याकडे दोन-तीन वर्षं एमपीएससीत गेलेली मुलं घराघरांत आहेत आणि ती वर्षं लपवायला खोट्या कंपनीचं नाव घालतात. कृपा करून तसं करू नका. 'जून २०२२ ते मे २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी' ही सरळ ओळ आहे आणि खरी आहे. इथे जर्मनीतही बायोडाट्यातला मोकळा काळ खटकतो. कारण लिहिलेलं असलं की बहुतेक जण पुढे वाचतात.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. वाळूजची नोकरी सोडताना मला जे पत्र मिळालं त्यात एकच वाक्य होतं: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत काम केले. मी ते घडी करून फाइलला लावलं. इकडे अर्ज करायला लागले तेव्हा कळलं की जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचा तपशील आणि शेरा असलेलं प्रमाणपत्र मागायचा कायद्याने हक्क आहे. त्याला त्सोयग्निस म्हणतात आणि त्यातल्या शब्दांची एक ठरलेली भाषा आहे. 'नेहमीच आमच्या अगदी पूर्ण समाधानाने' अशा अर्थाचं वाक्य म्हणजे पहिला नंबर, नुसतं 'आमच्या समाधानाने' म्हणजे काठावर पास. इथला माणूस तशाच कागदाची वाट बघत होता आणि माझ्याकडे एक वाक्य होतं. जुन्या कंपनीतले साहेब बदललेले, एचआरमध्ये मला ओळखणारं कुणी नाही. कामाचा तपशील असलेलं पत्र मिळवायला चार महिने गेले आणि तोवर ती जागा भरली गेली.

म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न बघता, राजीनामा देतानाच पत्राचा मसुदा स्वतः लिहून न्या: हुद्दा, तारखा, कोणती मशीन, कोणते भाग, कोणती कामं. साहेबांना फक्त वाचून सही करायची असली की बरेचदा मिळते. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक डाउनलोड करून ठेवा. कंपनी कार्ड परत घेते, पण यूएएन हा पीएफचा नंबर तुमचाच राहतो, आणि कोणत्या ठेकेदाराकडून किती महिने काम केलं ते त्यात दिसतं.

मावसभावाने अर्थात विचारलंच, "ताई, तिकडंच बोलवून घे की."

हा प्रश्न मला आठवड्याला एकदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहिते. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतल्या बेरोजगारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला, दहा वर्षांत पहिल्यांदाच. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या माणसं कमी करताहेत. माणसांची गरज आहे, विशेषतः नर्सिंगमध्ये आणि कुशल कारागिरांत, पण नुसत्या डिग्रीवर दार उघडत नाही. १ जून २०२४ पासून 'चान्सनकार्ट' नावाचा मार्ग सुरू झालाय. पदवी किंवा किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण ही आधीची अट, मग भाषा, अनुभव, वय अशा गोष्टींचे गुण मोजतात, सहा झाले की वर्षभर इथे राहून काम शोधता येतं. मात्र पोटापाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. २०२५ साली महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे तेरा लाख रुपयांच्या आसपास. मधल्या काळात आठवड्याला वीस तासच काम करायची परवानगी. जमीन गहाण ठेवून, जर्मन भाषेच्या पहिल्या पायरीचं, ए१ चं सर्टिफिकेट घेऊन कुणी या मार्गाने यायचं म्हणत असेल, तर मी स्पष्ट नको म्हणते. ए१ मध्ये दुकानातून ब्रेड आणता येतो, शिफ्टच्या मीटिंगमध्ये तोंड उघडता येत नाही. तिसरी पायरी म्हणजे बी१, ती घरी बसून, नोकरी करत करत पूर्ण करा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा होतात, शिकवण्या ऑनलाइनही आहेत. नर्सिंगला साधारण त्याच्या वरचं बी२ लागतं.

आणि एजंट. आमच्या तालुक्यातल्या एका घराने मुलासाठी चार लाख मोजले, दोन एकर गहाण टाकून. हाती आला तो फिरायला जायचा व्हिसा. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे भारत सरकारचा परवाना लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर तपासता येतो, आणि उमेदवाराकडून तो ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. आखातात जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. नंबर विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या ऑफिसातून उठून या. उठताना लाज वाटते, मला कळतं. तरी उठा.

परदेशातल्या किंवा पुण्यातल्या ओळखीच्या माणसाला मेसेज करायचा तर 'ताई, जॉब असेल तर सांगा' एवढंच लिहू नका. असा मेसेज वाचून मला फक्त काळजी वाटते, करता काहीच येत नाही. 'मी डिप्लोमा मेकॅनिकल, तीन वर्षं मशीन पार्ट्सचं इन्स्पेक्शन केलंय. अमुक कंपनीच्या या जागेला अर्ज करतोय. तुम्ही या कामात आहात, माझ्या बायोडाट्यात काय कमी वाटतं ते सांगाल का?' याला मी त्याच दिवशी उत्तर देते. माझ्या ओळखीचे बहुतेक लोक देतात.

मावसभावाला नव्या पानावर अकरा अर्जांतून एक फोन आला, शेंद्र्याहून. बुधवारी रात्री त्याचा आवाज जरा घाबरलेला होता. "ताई, पिनचं कसं सांगू? तोंडानं नीट सांगता येईना."

"कागद-पेन्सिल सोबत ने आणि काढून दाखव. कंपनीच्या ड्रॉइंगचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो काढू नको, ते त्यांचं आहे. तू फक्त फिक्स्चर काढ."

दहा मिनिटांनी वहीच्या पानाचा फोटो आला. चौकोन, त्यात ब्रॅकेट, कडेला छोटा गोल आणि त्याला बाण. मी विचारलं, "पिन किती एमएमची?"

"आठ," तो लगेच म्हणाला. "डाव्या अंगाला, बोअरपासून बावीसवर. आधी मी सहाची बसवली होती ताई, ती तिसऱ्या दिवशी वाकली." मग म्हणाला, "ठेवतो आता, पहाटे चारची एसटी आहे."