होम सायन्स म्हणजे स्वयंपाकच ना?

लग्न होऊन पुण्याला आले तेव्हापासून हा प्रश्न ऐकते आहे. हल्ली त्याला पुढचाही एक प्रश्न जोडून येतो. मी शिकले ती बडोद्याच्या विद्यापीठातली होम सायन्सची फॅकल्टी हंसा मेहता कुलगुरू असताना सुरू झाली असं सांगितलं की लोक म्हणतात, "एवढी मोठी बाई, आणि मुलींना पुन्हा चुलीपाशीच बसवलं?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

माझं माहेर बडोद्याचं, दांडिया बाजारातलं. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. एम. एस. युनिव्हर्सिटीत मी फूड्स अँड न्यूट्रिशन शिकले. तिथल्या मुख्य ग्रंथालयाला हंसा मेहतांचं नाव आहे. परीक्षेआधी दिवसदिवस तिथे बसायचे, पण त्या कोण होत्या हे शोधावंसं वाटलं ते नोकरीला लागल्यावर. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांचा जन्म १८९७चा, सुरतेचा. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण. नागर ब्राह्मणाच्या मुलीने वैश्य घरातल्या डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केलं म्हणून जातीत मोठा गदारोळ झाला. (मुंबईच्या केईएमचे पहिले डीन आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच जीवराज.) स्वातंत्र्यलढ्यात हंसाबेननी तुरुंग पाहिला, मग त्या संविधान सभेत गेल्या. १४ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनीच सभेला अर्पण केला.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात इंग्रजीत 'ऑल मेन' असं होतं. 'मेन'मध्ये बायका आल्याच की, असं आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांनाही वाटत होतं. हंसाबेन अडून बसल्या. उद्या कोणी याचा अर्थ फक्त पुरुष असा लावला तर? १० डिसेंबर १९४८ला जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा पहिल्या कलमात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' होतं.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९४९ साली, त्या बडोद्याच्या कुलगुरू झाल्या. मुलगे-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाची कुलगुरू झालेली भारतातली ही पहिली स्त्री. बडोदा कॉलेज १८८१ पासूनचं, पण विद्यापीठ अगदी नवं. १९५८ पर्यंत त्यांनी ते उभं केलं. फाइन आर्ट्स त्याच काळातलं, चित्रकलेला आपले ना. श. बेंद्रे होते. सोशल वर्क त्याच काळातलं. आणि आमचं होम सायन्सही.

एका शब्दासाठी अडून बसणारी बाई मुलींना चुलीपाशी कशाला बसवेल? मला वाटतं, त्यांनी चूलच उचलून विद्यापीठात आणली. मूल कसं वाढतं, कापड कशाने विरतं, पोटात गेलेल्या अन्नाचं पुढे काय होतं, हे सगळं तोवर सासूकडून सुनेकडे तोंडी जायचं. त्याला प्रयोगशाळा मिळाली, प्राध्यापक मिळाले, पदवी मिळाली. तरीही माझ्या पहिल्या मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं होतं, "मग पुरणपोळी येते का?" मी नुसतं हसले. उत्तर द्यायला हवं होतं.

ते उत्तर मला एका अंगणवाडीत सापडलं. दीड वर्षाची मुलगी. दंडाला पट्टी लावली तर घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तीव्र कुपोषण. आई रडवेली झाली. "रोज वरणाचं पाणी देते हो, वाटीभर." आजीही मान डोलवत होती. दोघींनी मनापासून केलं होतं, पण डाळ भांड्याच्या तळाशी राहत होती आणि पोरीच्या पोटात पाणी जात होतं.

उपचारांसाठी तिला आधी दवाखान्यात पाठवलं. मग घरी घट्ट वरण, त्यात मऊ भात कुस्करून, वर चमचाभर तेल, आणि तेही दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. हे मी आईला नाही, आजीला समजावलं, कारण वाटी आजीच्या हातात होती. घरात कोणाशी बोलायचं, हेही आम्हाला बडोद्यातच शिकवलेलं.

तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा लावली. घेर तेराच्या पुढे गेला होता. आजी मला म्हणाली, "आता पाणी मी पिते, डाळ तिला."