हसताना दिसणाऱ्या हिरड्या: मावशी-भाचीची दोन वेगळी निदाने

माझ्या वरच्या मधल्या दोन दातांची उंची जेमतेम ८ मिलिमीटर आहे, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. तोवर मला एवढेच ठाऊक होते की मी हसले की दातांपेक्षा हिरड्याच आधी दिसतात, आणि म्हणून लग्नाच्या अल्बममधल्या बहुतेक फोटोंत माझे तोंड मिटलेले आहे. माझी भाचीही अशीच हसते. "अगदी मावशीवर गेली आहे," असे घरात सगळेच म्हणतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी माझी शस्त्रक्रिया झाल्यापासून, वेळ आली की तिचीही तीच करून घ्यायची, असे आम्ही धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात तिची तपासणी झाली आणि आमचा हा समज साफ चुकीचा ठरला.

मनमोकळे हसताना साधारण ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जास्त हिरडी दिसली तर दंतवैद्य त्याला 'गमी स्माइल' म्हणतात. हा आजार नव्हे, आणि ज्याला त्याचे काही वाटत नाही त्याने काहीही करण्याची गरज नाही. मात्र ज्याला उपचार हवे आहेत, त्याने हिरडी का दिसते हे आधी शोधायला हवे. कधी दात पुरते उगवूनही हिरडी मागे सरकलेली नसते आणि दाताचा काही भाग तिच्याखाली झाकलेला राहतो. कधी वरचा ओठ आखूड असतो किंवा हसताना गरजेपेक्षा जास्त वर खेचला जातो, तर कधी वरच्या जबड्याचे हाडच उभ्या दिशेने जास्त वाढलेले असते. फिट्सवरच्या फेनिटॉइनसारख्या किंवा रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधांनीही काहींच्या हिरड्या वाढतात. तिथे आधी दातांची स्वच्छता आणि मूळ डॉक्टरांशी औषधाबद्दल बोलणे, हा मार्ग असतो.

मी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले, तिथे दोन मिनिटे तोंडात पाहून "लेझरने अर्ध्या तासात होऊन जाईल" असे सांगण्यात आले. कोणतेही माप घेतले नाही, एक्स-रेही काढला नाही. त्या घाईचा मला आजही राग येतो. दाताभोवतीच्या हाडाची कड आणि हिरडीची कड यांमध्ये सुमारे ३ मिलिमीटर अंतर शरीर स्वतःच राखते. हाड खाली असताना नुसती हिरडी कापली, तर ती काही महिन्यांत पुन्हा पूर्वीच्या जागी येते, किंवा कायम लाल आणि सुजलेली राहते.

नंतर टिळक रस्त्याजवळच्या ज्या हिरडीतज्ज्ञ बाईंकडे मी गेले, त्यांनी काळ्या खुणांची बारीक सळई हातात घेऊन एकेक माप मोठ्याने सांगितले आणि त्यांच्या सहायिकेने ते कागदावर उतरवले. ओठ सैल असताना दिसणारा दात ४, हसताना ओठ वर जातो तो ८, म्हणजे एकूण १२. त्यातला दात ८ आणि उरलेली ४ मिलिमीटर हिरडी. मधला दात साधारण १० ते ११ मिलिमीटर उंच असतो. भूल देऊन सळई हिरडीतून हाडापर्यंत टेकवली, तेव्हा माझे हाडही दातावर खाली उतरलेले असल्याचे कळले. त्यामुळे माझे 'क्राउन लेंग्थनिंग', म्हणजे दाताचा झाकलेला भाग उघडा करण्याची शस्त्रक्रिया, करताना हिरडीची पट्टी कापून, ती उचलून, खालचे हाडही पाण्याच्या फवाऱ्याखाली कोरावे लागले. सहा दातांना जवळजवळ दोन तास लागले. दहा दिवसांनी टाके निघाले. तोवर मऊ भात आणि ताक, आणि थंड पाण्याने येणारी कळ आणखी काही आठवडे राहिली. हिरडीची कड पक्की स्थिरावायला काही महिने लागतात, म्हणून ज्यांना पुढे दातांवर कॅप बसवायची आहे त्यांनी घाई करू नये.

भाचीची मापे त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली गेली. तिचा दात चांगला १० मिलिमीटर आहे, ओठाची लांबीही पुरेशी आहे, आणि हसताना तो माझ्याइतकाच वर जातो. पण ओठ सैल असताना तिचा दात तब्बल ८ मिलिमीटर दिसतो, आणि ओठ मिटायला सांगितले की हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. हे सारे जबड्याकडे बोट दाखवत होते आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेने ते पक्के केले. तिची हिरडी कापली असती, तर दाताच्या मुळाचा भाग उघडा पडला असता.

ओठाची शस्त्रक्रिया तिने इंटरनेटवर पाहिली होती. १९७३ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या पद्धतीत वरच्या ओठाच्या आतल्या त्वचेची एक पट्टी काढून ओठ खालच्या बाजूला शिवतात, जेणेकरून तो फार वर खेचला जाऊ नये. अतिचपळ ओठासाठी ती योग्य आहे, मात्र काही जणांत ओठ हळूहळू पूर्ववत होतो. बोटॉक्सचे इंजेक्शन ही शस्त्रक्रिया नव्हे आणि त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो. जबडा लांब असताना हे दोन्ही उपाय अपुरेच पडतात.

तिच्यासाठी सुचवलेली शस्त्रक्रिया 'ल फोर्ट १' या नावाने ओळखली जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर्ट यांनी १९०१ मध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या ज्या भंगरेषा वर्णन केल्या, त्यांतल्या सर्वांत खालच्या रेषेवरून हे नाव आले. पूर्ण भूल देऊन ओठाच्या आतून छेद घेतात, वरचा जबडा त्या रेषेवर सोडवतात, मधली हाडाची पट्टी काढून तो वर बसवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जखडतात. तिच्या बाबतीत सुमारे ४ मिलिमीटर वर, असा अंदाज आहे. चेहऱ्यावर व्रण राहत नाही, पण शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तारा लावाव्या लागतात, काही आठवडे पातळ आणि मऊ आहारावर काढावे लागतात, आणि वरच्या ओठाची व गालाची बधिरता बराच काळ रेंगाळू शकते. ही शस्त्रक्रिया चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावरच करतात. ती एकोणीस वर्षांची आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

"डॉक्टर, माझा चेहरा बदलेल का?" हा तिचा पहिला प्रश्न होता. "हो, बदलेल," असे बाईंनी सरळ सांगितले. चेहऱ्याचा खालचा भाग थोडा आखूड होईल, हनुवटी किंचित पुढे येईल, आणि नाकपुड्या जराशा रुंद होऊ शकतात. या स्पष्टपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भाचीने अजून होकार दिलेला नाही, आणि तिला घाई करू नका असे मी ताईलाही सांगितले आहे. जबड्याच्या दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्यायला आम्ही दोघी पुढच्या आठवड्यात जाणार आहोत आणि मापांचा तो कागद सोबत नेणार आहोत.