मालकाने थोडं कमी बोलावं

मंगळवार, रात्र सरत आलीय

"चहा उत्तम. बसायला बरं वाटतं. मालकाने थोडं कमी बोलावं."

एवढंच लिहिलंय. नाव नाही, सही नाही. कोपऱ्यात फक्त वेळ टाकलीय, 00.50.

अभिप्रायाची वही मीच ठेवलेली, भुसावळच्या माझ्या रात्रीच्या चहाच्या दुकानात, काउंटरवर, पेनाला दोरी बांधून. आजवर तिच्यात कोणी मनाला लागेल असं काही लिहिलं नव्हतं. 'साखर कमी करा.' त्याच्याच खाली 'साखर वाढवा.' एकाने उधारीचा हिशोब मांडून ठेवलाय. एका पोराने कुणाचं तरी नाव लिहून इतकं गिरवून खोडलं की ते मागच्या पानावर उमटलंय. आणि आता हे. निळं बॉलपेन, सरळ उभं अक्षर, 'थोडं'खाली रेघ.

ती रेघ नसती तर मी सोडून दिलं असतं.

रात्रीच्या बारा पन्नासला 00.50 लिहिणारा माणूस रेल्वेचाच असणार. दीपनगरच्या वीजकेंद्रवालेही लॉगबुकात तसंच लिहितात म्हणा, पण ते सेकंड शिफ्ट सुटली की घोळक्याने येतात, उभ्याउभ्या चहा घेतात आणि गाड्यांना किक मारतात. वहीपर्यंत त्यांच्यातलं कोणी जात नाही. मग राहिले गार्डसाहेब. (2022 पासून रेल्वेने त्यांचं 'ट्रेन मॅनेजर' केलंय, पण आमच्याकडे ते गार्डसाहेबच.) पण साहेब काल होते कुठे? मालगाडी घेऊन खंडव्याकडे गेले असतील. झेडआरटीआयची, म्हणजे रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेची, ट्रेनिंगवाली पोरं? त्यातल्या निम्म्यांना मराठी लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं अक्षर असं नाही. लोकोवाले मामा? मामांना काही सांगायचं असतं तर त्यांनी तोंडावर सांगितलं असतं, "जाऊ दे नं भो, किती बोलतो," म्हणून.

तोंडावर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सारखं तेच मनात येतंय. लिहायला उठावं लागलं असेल, चष्मा काढला असेल, पेनाची दोरी ओढून घेतली असेल. इतका त्रास घेऊन माणूस लिहितो म्हणजे त्याला किती झालं असेल.

हिला मोबाईलवर फोटो दाखवला. वाटलं, म्हणेल काहीतरी बरं. तर ही हसली. ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अखेर कोणीतरी लिहून दिलं," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली, मोठी मुलगी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली नाही तेव्हापासून घरात... असो.

मी काय एवढं बोलतो?

सगळी नोकरी एमआरची, औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, गेली. बॅग घेऊन बाहेर बसायचं, पेशंट संपले की आत. डॉक्टर मान वर न करता "बोला" म्हणायचे आणि आपण सुरू केलं की घड्याळाकडे बघायचे. मिनिटभरात तीन गोळ्या, एक सिरप, सॅम्पल, आणि डिसेंबर असेल तर कॅलेंडर. कॅलेंडर तेवढं लक्ष देऊन बघायचे. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, पार शहादा-नंदुरबारपर्यंत हेच. त्या सगळ्या वर्षांत एखादं वाक्य मी शेवटपर्यंत नेलं असेल असं आठवत नाही. आता कुठे माझ्या हातात चहाचं पातेलं आहे आणि समोरचा माणूस चहा होईपर्यंत हलू शकत नाही, तर म्हणे कमी बोलावं.

दुकानाचं खूळही त्याच फिरतीतलं. चोपड्याचे शेवटचे डॉक्टर रात्री दहाला मोकळे व्हायचे. गाडी हुकली की बसायला जागा तीन: एसटी स्टँडचा बाक, बार, नाहीतर बंद दुकानाची पायरी. न पिणाऱ्या माणसाने रात्री अकरानंतर गावात जायचं कुठे, याला आपल्याकडे उत्तरच नव्हतं. बायामाणसांनी तर विचारूच नये. आणि भुसावळसारख्या गावात, जिथे निम्मं गाव पाळीत काम करतं, गाड्या रात्रभर येतात-जातात, तिथे स्टेशनबाहेर पडलं की सगळी शटरं खाली. ड्यूटीवरून सुटलेला माणूस लगेच झोपत नाही हो. त्याला मध्ये थोडं कुठेतरी टेकायचं असतं. घरी दिवा लावला तर पोरं उठतात.

म्हणून मेहुण्याचं बंद पडलेलं झेरॉक्सचं दुकान घेतलं, जामनेर रोडला. ट्यूब काढून पिवळे दिवे लावले. चार लांब बाक. टीव्ही नाही, स्पीकर नाही, रील बघायचे तर कानात घालून. कॅरम मागत होते, सोंगट्यांचा टणाटण आवाज होतो म्हणून नाही म्हटलं, बुद्धिबळ ठेवलं. फळीवर जुने दिवाळी अंक. रात्री नऊ ते अडीच. मे महिन्यात तर या वेळांना पर्याय नाही. दिवसा पारा पंचेचाळीसच्या पुढे, रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, आणि गच्चीवर गाद्या टाकलेल्यांनाही एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. ते उठून येतात.

"एवढ्या रात्री परवानगी आहे का?" हे प्रत्येक नवा माणूस विचारतो. मग मी सांगतो. आपल्या राज्याचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, दारूचे धंदे वगैरे सोडले तर बाकीच्यांना चोवीस तास उघडं ठेवता येतं, फक्त कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी द्यायची. तरी ठिकठिकाणी बंद करायला लावत होते, म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारने पुन्हा खुलासा काढला. तो कागद मी लॅमिनेट करून भिंतीला लावलाय. आणि तोंडानेही सांगतो.

बरं, चहाचं. कोणी म्हणालं आलं टाका, तर मी टाकतो, पण का आणि कधी टाकायचं तेही सांगतो. खलबत्त्यात ठेचलेलं आलं आधी पाण्यात. पाणी खळखळ उकळून वास बदलला, आल्याचा हिरवट वास जाऊन तिखट वास सुटला, की साखर आणि पत्ती, आणि दूध सगळ्यांत शेवटी. कच्चं आलं दुधात गेलं की दूध फाटतं, त्यात एक एन्झाइम असतं, ते उकळल्यावर मरतं. यात जास्त काय बोललो? आणि बारानंतर कोणी स्पेशल मागितला तर सांगायला नको? कॅफिन अंगातून अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, बारा वाजता घेतलेला चहा पहाटे पाचलाही निम्मा रक्तात असतो. त्यापेक्षा गवती चहा, सुंठ, थोडा गूळ, बिनपत्तीचा घ्या. औषध विकताना हाफ-लाइफ, हाफ-लाइफ करून घसा कोरडा पडला, एकाही डॉक्टरने ऐकलं नाही. गिऱ्हाइकाने ऐकावं ही अपेक्षा फार होती का?

'हळू बोला' ही पाटी मीच रंगवून घेतलीय, हे खरं. पण हळूच बोलतो की मी. कमी बोला असं तिच्यावर कुठे लिहिलंय?

एक मात्र आत्ता लिहिता लिहिता आठवलं. काल साडेबाराच्या सुमाराला एक जण आला होता, हातात दवाखान्याची फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. भिंतीकडे तोंड करून बसला. पलीकडच्या दवाखान्यात पेशंट असलेली माणसं येतात अधूनमधून, आत एकालाच बसू देतात म्हणून. मी त्याला चहा दिला आणि आल्याचं सगळं सांगितलं. तो 'हो, हो' करत होता. रेल्वेवाल्याचं माणूस दवाखान्यात नसतं असं थोडंच आहे.

झोपावं आता. सगळ्यांना झोपेचं सांगणाऱ्याने पहाटे साडेतीनला वही घेऊन बसणं बरं दिसत नाही.

शुक्रवार

काल ठरवून गप्प बसलो. विचारलं तेवढंच उत्तर. "कट?" "हो." "दहा." झालं.

पहिला तासभर काही वाटलं नाही. मग कळलं की गप्प बसलं की दुकान केवढं मोठं होतं. बुद्धिबळाच्या बाकावर दोघं नुसते घोड्याकडे बघत बसलेले. दवाखान्यातल्या दोघी सिस्टर पाय वर घेऊन बसल्या होत्या, एक मोबाईलवर पोराशी कुजबुजत होती. बाहेर डिझेलचा वास, आणि केळीच्या गाड्या सावदा-रावेरकडून येऊन पुढे चाललेल्या. एक शेतकरी येतो रात्रीची लाईट असली की. मोटार सुरू करून, केळीचं ठिबक सोडून, लाईट गेली की घरी. तोही गप्प. पण त्याला मी आजवर विचारत होतो 'काय भाव चाललाय', आणि तो सांगत होता. काल विचारलं नाही तर तोही बोलला नाही. भाव पडलेला असेल. त्याला ते सांगायचं नसेल इतके दिवस. हे मला आधी का...

बरं, पुढचं. झेडआरटीआयचा एक पोरगा, विदर्भातला, आणि लोकोवाले मामा एका बाकावर. इतके महिने दोघं शेजारी बसतात, एकमेकांशी चकार शब्द बोललेले मी बघितले नाहीत. काल पोराने मामांना विचारलं, इथे जवळपास बघण्यासारखं काय आहे? मामा म्हणाले, फैजपूर. काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं तिथे. पोरगा म्हणाला, कधी? मामा म्हणाले, 1942 ला. गांधीजी अध्यक्ष होते.

गाळणं हातात होतं. चहा गाळणं सोडून मी तसाच उभा. 1942! डिसेंबर 1936, मामा! अध्यक्ष जवाहरलाल नेहरू! काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, गांधीजींचाच तसा आग्रह होता, आणि चित्रकार नंदलाल बोसांना बोलावून बांबू-चटयांनी सगळं नगर सजवलं होतं. आपल्या जिल्ह्यात! हे सगळं माझ्या ओठांवर. मामा पुढे म्हणाले, त्या अधिवेशनातच 'चले जाव' झालं. पोरगा मान डोलवतोय. मोबाईलमध्ये काहीतरी लिहूनही घेतोय. उद्या तो हे चंद्रपूरला जाऊन सांगणार.

पण मामा खुलले होते, ते दिसत होतं. हात हलवत होते. सिस्टर पण ऐकायला लागली होती. बुद्धिबळवाल्यांतला एक म्हणाला, माझे आजोबा गेले होते त्या अधिवेशनाला, चालत. मामा म्हणाले, बघ. आणि मग सगळे बोलायला लागले, चुकीचंच सगळं, हळू आवाजात, पाटीला मान देऊन. असं दुकान मला पाहिजे होतं. अगदी असंच, मी ठरवलं होतं तेव्हा डोळ्यांसमोर हेच होतं, फक्त त्यात मी पण होतो.

शेवटी राहवेना. वही ओढली आणि लिहिलं: "फैजपूर, डिसेंबर 1936. अध्यक्ष नेहरू. गांधीजी अध्यक्ष एकदाच, बेळगाव, 1924. चले जाव मुंबईत, ऑगस्ट 1942. मालक." बोलणं नव्हे, लिहिणं. याला कोणी काही म्हणू शकत नाही.

मग गर्दी झाली. दूध उतू गेलं, शेगडी पुसली, दीपनगरवाले आले-गेले. सगळं आवरून वही आत ठेवायला घेतली तर माझ्या खाली दोन शब्द. निळं बॉलपेन, सरळ उभं अक्षर. "सविस्तर लिहावे." वेळ 01.10. 'सविस्तर'खाली रेघ.

एक दहाला दुकानात कोण होतं, हे डोक्याला थोडा ताण दिला तर आठवेल. गार्डसाहेब आले होते का? फाइलवाला माणूस नव्हता, एवढं नक्की, आणि का कोण जाणे पण तेवढ्यावर माझं निम्मं ओझं उतरलं. बाकीचं राहू दे. मी दोन पानं लिहिली, बोसांच्या बांबूच्या कमानींसकट. ही म्हणाली, "तोंड बंद केलं तर हात सुटला." म्हणू दे.

मामांना खरं साल सांगायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्यांनी वही वाचली तर वाचली.

दूधवाल्याला सोमवारपासून दोन लिटर जास्त सांगायचंय. झेडआरटीआयला नवी बॅच येतेय, आणि त्यांना फैजपूर माहीत असण्याचं काही कारण नाही.