ठरलेला उशीर

लाइट गेली की ते आधी कानांना कळतं. पंखा गरगरत मंदावतो, फ्रिजची घरघर थांबते, आणि इतका वेळ आपण केवढा आवाज सोसत होतो ते लक्षात येतं. मग कुणीतरी उठून खिडकीबाहेर डोकावतं. सगळ्यांचीच गेली असली की जरा बरं वाटतं. (हे बरं वाटणं काही भूषणावह नाही, पण वाटतं खरं.)

सुरुवातीला मी विजेच्या मागे धावून पाहिलं. आली की धुणं, इस्त्री, मिक्सर, मोबाइल, पाण्याची मोटर, सगळं एकदमच. एकदा रात्री अकराला इस्त्री तापवली. शर्टाची एक बाही झाली न झाली तोच बाईसाहेब पसार. दुसऱ्या दिवशी बाह्या दुमडून वेळ निभावली. त्यानंतर मी मुकाट्याने सूर्याच्या पदरी चाकरीला लागलो.

आता डोळ्यांची बारीक कामं सकाळच्या खिडकीत. सुईत दोरा ओवायचा, नखं कापायची, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची. उन्हाची तिरीप आधी समोरच्या भिंतीवर असते, मग टेबलावर उतरते, सूर्य वर चढला की फरशीवरून खिडकीकडे मागे सरकते. तिच्यामागून मी खुर्ची ओढत जातो. पाहुण्यांना हे विचित्र दिसत असणार.

खरी मजा कातरवेळेची. पूर्वी बटण दाबून ती मी रोज पुसून टाकायचो. दोरीवर लाल आणि निळा असे दोन टॉवेल असतात. दुपारी लाल डोळ्यांत भरतो, निळा बिचारा मागे. अंधारून आलं की लाल काळवंडत जातो आणि निळा मात्र उजळ वाटू लागतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे हेरलं आणि १८२५ साली लिहून ठेवलं. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो; तो कमी झाला की दंडपेशी कारभार हाती घेतात, आणि त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही.

दंडपेशींचा कारभार मात्र सावकाश. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरला तर दाराची चौकट, तांब्याची कड, खुंटीवरची छत्री एकेक करून हजर होतात. अंधुक वस्तूकडे थेट न पाहता जरा बाजूला पाहिलं तर ती जास्त स्पष्ट दिसते, कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. आणि हे सगळं जमून आलेलं असताना कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारतं. गेली अर्ध्या तासाची कमाई!

चंद्राचाही हिशोब ठेवू लागलो. पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे उशीर त्यालाही होतोच, पण किती होणार हे आधी ठाऊक असतं, त्यामुळे राग येत नाही. पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी गच्चीवर जायचं तर जेवणं उरकून, निवांत.

झोपही लवकर लागते हल्ली. परवा नवाच्या आतच आडवा झालो होतो. मध्यरात्री कधीतरी लाइट आली. संध्याकाळी सवयीने दाबून ठेवलेली बटणं सगळी चालूच. खोली एकदम पांढरीफटक, फ्रिज खडबडून जागा, मोटर सुरू. धडपडत उठून एकेक बंद केलं. परत येताना खोलीत काही म्हणजे काही दिसेना. पलंगाचा पाय करंगळीला बरोब्बर सापडला. तिथेच फरशीवर करंगळी धरून बसलो, छत्री दिसायला लागेपर्यंत.