बाराचे बावीस

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीत रात्रीचे अपघात वाढतात. हे सांगायला कुठला अहवाल लागत नाही. रेकॉर्ड विभागात बसलं की फाइलींच्या गठ्ठ्यावरूनच कळतं. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दिव्यांचा पत्ता नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. मागून येणाऱ्या दुचाकीला काही दिसत नाही. तासगाव रस्त्यावरून आणलेले ते काका असेच धडकले होते. तिसऱ्या दिवशी गेले.

मृत्यूंच्या आढावा बैठकीच्या आदल्या दुपारी त्यांची फाइल माझ्याकडे आली. वर पेन्सिलने लिहिलेलं : आयएसएस १२, आणि पुढे भलं मोठं प्रश्नचिन्ह.

आयएसएस म्हणजे पेशंटला एकूण मार किती, याचा एका आकड्यात केलेला हिशेब. सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९७४ मध्ये मांडला. आधी प्रत्येक दुखापतीला एआयएसच्या, म्हणजे दुखापतींची तीव्रता ठरवणाऱ्या यादीच्या, कोष्टकातून १ ते ६ दर्जा द्यायचा. मग शरीराच्या सहा भागांपैकी जास्तीत जास्त मार बसलेले तीन भाग धरायचे, प्रत्येकातला सर्वांत वरचा दर्जा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि तिन्हींची बेरीज. कमाल ७५. पंधराच्या वर गेलं की मेजर ट्रॉमा, म्हणजे गंभीर मार. (नेमका १५ कधीच येत नाही, तीन वर्गांची बेरीज तेवढी होतच नाही. नव्या मुलांना मी हे करून बघायला लावते.)

आता १२ गुणांचा माणूस दगावला म्हटल्यावर बैठकीत सगळ्यांच्या नजरा रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टरकडे वळणार. तो पोरगा सकाळपासून दोनदा दारात डोकावून गेला होता. "मॅडम, काही निघतंय का?"

हा स्कोअर डेथ समरीवरून काढलेला होता. समरीत तीन ओळी : मल्टिपल रिब फ्रॅक्चर्स (बरगड्या मोडलेल्या), स्प्लीनला (प्लीहेला) इजा, नडगीचं हाड मोडलेलं, जखम बंद. बरगड्या किती ते लिहिलेलं नाही, म्हणून २. स्प्लीन किती फाटली ते नाही, म्हणून २. नडगीला २. चार, चार आणि चार, बारा. कोडिंग करणाऱ्याने, म्हणजे हे दर्जे देणाऱ्याने, नियम पाळला होता. तपशील नसेल तर खालचा दर्जा, अंदाजाने वर चढवायचं नाही. माझं भांडण त्या समरीशी होतं. घाईघाईत कॅज्युअल्टीच्या कागदावरून उतरवलेली, आणि तो कागद सीटी होण्याआधीचा.

मी सीटीचा रिपोर्ट काढला. डाव्या बाजूच्या तिसरी ते सातवी, अशा पाच बरगड्या. तीन किंवा जास्त असल्या की दर्जा ३. स्प्लीनची चीर ४ सेंटिमीटर खोल. तीनच्या पुढे गेली की तिथेही ३. नऊ, नऊ आणि चार. बावीस.

तो पोरगा खूश झाला. लगेच म्हणाला, लिव्हरही धरा ना, आणि हेड इंज्युरीही. लिव्हरपुढे त्यानेच नोट्समध्ये प्रश्नचिन्ह टाकलेलं. सीटीत लिव्हर चांगली. शंका कोड होत नाही. आणि कॅज्युअल्टीत ज्याला हेड इंज्युरी म्हटलं होतं, ती टाळूवरची चार टाक्यांची जखम. मेंदूचा सीटी स्वच्छ. आयएसएसमध्ये ती डोक्याच्या भागात जातच नाही, बाहेरच्या जखमांत जाते, दर्जा १, आणि पहिल्या तिघांत नसल्यामुळे हिशेबातच येत नाही. हे त्याला फारसं रुचलं नाही. सिव्हिल हॉस्पिटलमधून पीएमचा (शवविच्छेदनाचा) कागद पोलिसांमार्फत आलेला होता, त्यातही याच पाच बरगड्या. लिव्हरला काही नाही.

बैठकीत मी बावीस वाचले. ‘अनपेक्षित मृत्यू’च्या यादीतून ही फाइल काढा, असं कोणीतरी लगेच म्हणालं, आणि मला वाटलं झालं, सुटलो. पण सर्जरीचे सर चष्मा पुसत थांबले. "स्प्लीनचा हा रिपोर्ट किती वाजताचा?"

रिपोर्टवर रात्री ११:४० होते. सर्जनची पहिली नोट सकाळी साडेसहाची. स्कोअर बाराच राहिला असता तर कोणी ही वेळ विचारली नसती. १२ च्या पेशंटच्या सीटीकडे रात्रीच्या रात्री धावत जायचं कारणच काय? बावीस झाल्यावर ते सात तास टेबलावर आले. पोरगा म्हणाला, मी फोन केला होता. कोणाला, किती वाजता, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढचा अर्धा तास त्यावरच गेला आणि मला तिथून उठता आलं नाही.

त्यानंतर डेथ समरीच्या आणि डिस्चार्ज कार्डाच्या फॉर्मवर दोन रकाने वाढले : बरगड्या किती व कोणत्या बाजूच्या, आणि सीटी रिपोर्ट कोणी कधी पाहिला. रेसिडेंट ते रिकामे सोडतात, मी फाइल परत पाठवते. सही करायला येतात तेव्हा माझ्यावर वैतागतात, पण आकडा लिहून जातात.