बॅटलो: सफरचंदांच्या गावात, आगीनंतर

सिडनीहून दक्षिणेला निघालं की गंडगायपर्यंत ह्यूम हायवे सरळसोट आहे. तिथून पुढे डावीकडे स्नोई माउंटन्स हायवेला लागलो आणि टेकड्या सुरू झाल्या. ट्यूमट गावात चहा घेतला. पुढे बॅटलोच्या चढणीवर दोन्ही अंगांना पाइनची लागवड लागते. एकामागून एक डोंगर, आणि सगळीकडे झाडं एकाच वयाची, कोवळी. आधीचं जंगल कुठे गेलं ते कोणाला विचारायची गरजच नव्हती.

'डन्स रोड' नावाने ओळखली जाणारी वणव्याची आग २८ डिसेंबर २०१९ ला वीज पडून लागली आणि ४ जानेवारी २०२० ला बॅटलोवर आली. हे गाव वाचवता येणार नाही, बाहेर पडा, असं अग्निशमन दलाने आधीच जाहीर केलं होतं. तरी काही स्वयंसेवक आणि गावकरी मागे थांबले आणि गावाचा बराचसा भाग त्यांनी वाचवला. आग विझली तोवर तिने तीन लाख हेक्टरांहून जास्त मुलूख जाळला होता.

मी गेलो तेव्हा एप्रिल होता, पिंक लेडी या जातीच्या सफरचंदांची तोडणी चालू होती. एका बागायतदाराने मला बाग फिरून दाखवली. मी समजत होतो की बाग जळते म्हणजे झाडं जळतात. त्याने सांगितलं, आधी ठिबकच्या प्लास्टिक नळ्या वितळल्या, मग गारांपासून वाचवणारी जाळी गेली, तारा सैल झाल्या. काही झाडं हिरवीच दिसत होती, पण उष्णतेने आतून भाजली होती. ती पुढच्या हंगामात वाळली. नुकसानीचा पंचनामा करायचा तर कुठल्या दिवशी करायचा?

सरकारी मदत अनेक वाटांनी आली. शेतकऱ्यांना तातडीचं अनुदान ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होतं. सफरचंदाच्या बागांसाठी वेगळी योजना निघाली, हेक्टरी १,२०,००० डॉलरपर्यंत: जळालेली झाडं काढणं, नवी लावणं, मांडव, जाळी. आकडा ऐकून मी चमकलो. माझं आजोळ दिवेआगरचं. त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळाने तिथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाले होते. दोन देशांतल्या खर्चाची तुलना थेट होत नाही हे मला कळतं. पण इथे बाग पुन्हा उभी करायला काय लागेल याचा हिशेब करून रक्कम ठरवली होती, हे मला फार मोलाचं वाटलं. सुपारी काय, सफरचंद काय, नवं झाड लावल्यावर काही वर्षं हाती काहीच येत नाही. एका हंगामाच्या नुकसानीवर बेतलेली मदत बागायतदाराला पुरत नाही.

पाइनची गोष्ट आणखी वेगळी. जळालेलं पाइन बाहेरून कोळसा दिसलं तरी आतलं लाकूड बहुधा शाबूत असतं. पण साधारण वर्षभरात ते तोडलं नाही तर बुरशी शिरते, निळे डाग पडतात आणि भाव कोसळतो. शिवाय सालीचा कोळसा लगद्यात गेला की कागदाचा माल बिघडतो. त्यामुळे इथल्या गिरण्यांवर एकदम लाकडाचा डोंगर कोसळला, आणि पुढची कित्येक वर्षं टंचाई, कारण पाइन करवतीला यायला तीस वर्षांच्या आसपास लागतात. म्हणून जादा ओंडके लांबच्या गिरण्यांपर्यंत न्यायला आणि साठवून ठेवायला सरकारने पैसे दिले. साठवायचे म्हणजे ओंडक्यांच्या थप्प्यांवर सतत पाणी फवारत ठेवायचं, म्हणजे कीड आणि बुरशी लागत नाही. न्यू साउथ वेल्स सरकारच्या १४ कोटी डॉलरच्या उद्योग-पुनर्बांधणी योजनेत वनउद्योग, बागायती आणि शेती यांच्या पुरवठा साखळीला मदत होती.

मला तरी हाच भाग सगळ्यांत शहाणपणाचा वाटला. ट्यूमटची कागद गिरणी किंवा जवळच्या टंबारंबा गावाची लाकूड गिरणी बंद पडली, तर ट्रकवाला जातो, वेल्डर जातो, त्याची मुलं शाळेतून जातात, आणि मग शाळेत शिक्षक कमी होतो. बागेचंही तेच. पॅकिंग शेड बंद झाली तर चांगलं पीक आलेला शेतकरीसुद्धा अडकतो.

पैसा सगळं सोडवत नव्हता. आग जानेवारीत गावावर आली आणि मार्चमध्ये कोविडमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. फळं तोडायला बाहेरून येणारी तरुण मंडळी येईनाशी झाली. अर्जांचाही ताण होता. घर जळालेल्या माणसाने कोटेशनं गोळा करायची आणि हरवलेल्या पावत्या शोधायच्या. माझ्या यजमानाचे अर्ज त्याच्या मुलीने रात्री बसून भरले. ज्या घरात असं कोणी नसेल त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. अर्ज भरून देणारा माणूस गावात बसवणं हाही मदतीचाच भाग मानायला हवा.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरमध्ये जा, सफरचंद फुललेलं असतं; किंवा तोडणीच्या दिवसांत, मार्च ते मेदरम्यान. सिडनीहून पाचेक तास लागतात. गावाबाहेर मोठ्ठं सफरचंद उभं केलंय, तिथे फोटो काढाच. आणि फळं बागेच्या दारातूनच घ्या, पिशवी भरून.